लाजाळूला साठ स्पर्श

३ जून
आले एकदाची! मेरबाबू डोंगराच्या कुशीतलं हे वनस्पती-केंद्र बघून जीव हरखला. थंडी अशी की भर दुपारीही स्वेटर काढवत नाही. राहायला खोली आहे, खिडकीबाहेर कोबीचे वाफे आहेत, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तुमिनबाई, सगळ्यांच्या ‘बू तुमिन’, आहेत. त्यांनी आल्या आल्या सोयाबीनचं तळलेलं टेम्पे आणि आल्याचा काढा पुढे ठेवला आणि वय, नवरा, मुलंबाळं अशी सगळी चौकशी उरकून घेतली. नवरा लांब कालीमंतान बेटावर खाणीत असतो, म्हटलं. मुलं नाहीत, म्हटलं. तेव्हा काढ्याचा ठसका लागला, एवढंच.

५ जून
कामाचं स्वरूप ऐकून आधी हसूच आलं. काचघरात लांबलचक बाकावर लाजाळूच्या कुंड्या आहेत. मऊ ब्रशने पानांना शिवायचं, पानं मिटतात. उघडली की पुन्हा शिवायचं. असं साठ वेळा. माझ्याकडे नोंदवही. आमचे मुख्य हार्योनोसाहेब, सगळ्यांचे ‘पाक हार्योनो’, गेल्या वर्षी हेच कुंड्या आपटून करत होते, म्हणून त्यांच्या बायकोने त्यांचं नावच ‘आपट्या’ ठेवलंय, आणि ते हे स्वतःच सांगत फिरतात.
गंमत पुढे आहे. पन्नास-साठ स्पर्शांनंतर झाड मिटायचंच सोडून देतं. स्पर्शाने आपलं काही बिघडत नाही हे त्याला कळतं आणि महिनाभर लक्षातही राहतं. ना मेंदू, ना काही. मी म्हटलं, किती धीट झालं बिचारं. पाक हार्योनोंनी चष्मा पुसला.
“धीट कसलं, बाई. सावध राहायचं सोडलंय त्यानं.”
मग त्यांनी मागची रांग दाखवली. तिथे गोगलगायी शिरल्या होत्या. न शिकलेल्या झाडांनी पानं मिटून जीव वाचवला होता. शिकलेली मात्र उघड्या पानांनी उभ्या उभ्या खाल्ली गेली होती, देठापर्यंत.

९ जून
मुलं नाहीत हे मी सांगितलं ते आजचं खरं. लारास माझी मुलगी. सहा वर्षांची होऊन गेली. शाळेच्या वाटेवर लाजाळू दिसली की ही फतकल मारून बसलीच. शेवटचं पान मिटवल्याशिवाय उठायची नाही. रोज उशीर, रोज माझी बडबड.
घटसर्पाने तिचा घसा धरला. नर्सने बजावलं होतं, हात लावू नका. शेवटच्या दुपारी तिने हात पुढे केला आणि मी माझा मागे घेतला. ठरवून नाही, आपोआप. पण तिने ते पाहिलं. त्यानंतर तिने हात पुढे केला नाही.

१४ जून
सासूबाईंचा फोन. अठरा तारखेला लारासला जाऊन हजार दिवस होतात. त्या दिवशी गाव जेवतं, तांदळाच्या पिठाचे आपेम वाटतात, कबरीवर कायमचा दगड बसतो, कबुतर सोडतात आणि गेलेलं माणूस खरोखरचं जातं. आईने दगडाला हात लावल्याशिवाय तो बसवायचा नाही, अशी आमच्या गावची रीत. पीठ कधी भिजवू, विचारत होत्या. मी रजा मिळत नाही म्हटलं. पाक हार्योनो हवी तेवढी रजा द्यायला तयार आहेत, हे त्यांना काय ठाऊक. पण सासूबाईंनी ओळखलं.
“पोरीला अडकवून ठेवू नकोस,” म्हणाल्या.
मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर ही नोकरी मी त्या तारखेसाठीच धरली. तिला घालवून देणं मला जमणार नाही.

१८ जून
गेले नाही.
दुपारी चार वाजता काचघरात मी एकटीच होते. दारं बंद, वाऱ्याचा लवलेश नाही. अजून कुणीही न शिवलेल्या रांगेत पहिल्या कुंडीची पानं मिटली. मग दुसरीची. मग तिसरीची. सावकाश, एकही पान न चुकवता, बाकाच्या टोकापर्यंत. घाई म्हणून नाही.
मी खाली बसून रडले. आनंदाने रडले.

२१ जून
ती रोज चारला येते, पानं उघडली की पुन्हा पुन्हा मिटवते. आज बू तुमिन चहाला हाक मारायला आल्या आणि रांग मिटताना त्यांनी पाहिली. दंडाला धरून मला बाहेर नेलं. हजारावा दिवस केलास का, एवढंच विचारलं. कुणाचा, ते विचारलं नाही. मी नाही अशी मान हलवली.
“हजारानंतर मागे राहतं ना, ते लेकरू नसतं गं. नुसतं राहिलेलं असतं.”
मला इतका राग आला की रात्री जेवायला गेले नाही.

२४ जून
झाडं तिला सरावली. आज फक्त शेवटच्या चार कुंड्या मिटल्या. न शिवलेलं एकही झाड आता शिल्लक नाही. उद्या ती आली तरी मला कळायचं नाही.

२५ जून
एकही मिटलं नाही. म्हणून रांगेच्या शेवटी, कुंडीच्या जागी, मी माझा हात ठेवला.
बोटं. लहान. ओल्या मातीसारखी गार.
मी हात मागे घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा मागे घेतला. किती नालायक आई आहे मी.

२६ जून
झाडाला साठ लागतात. मला किती? नोंदवहीत माझ्या नावाचा रकाना आखला. आज अकरा. अकराही वेळा मागे घेतला.

२८ जून
चौतीस. आता फक्त बोटं आखडतात. नखांखाली काळी माती, धुतली तरी — बोटाला सुई टोचून पाहिली, लागत नाही.
बू तुमिन म्हणाल्या, दगड अजून अंगणात पडलाय, सासूबाई वाट बघतायत, बसने दोन तास. बू तुमिननी स्वतःच त्यांना फोन केला होता. मी उद्या जाते म्हटलं.

३० जून
बावन्न. करंगळीचं टोक नाही. रक्त नाही, दुखतही नाही. कडा कुरतडलेल्या, त्या मागच्या रांगेतल्या —
पाक हार्योनोंनी हात पाहिला. दवाखान्यात चला म्हणतात. मी काचघराच्या दाराला आतून कडी घातलीय.

१ जुलै
सत्तावन्न. बधिरपणा आता मनगटाच्या वर.
अठ्ठावन्न. बाहेर बू तुमिन दार ठोकतायत. ती लारास नसेल तर — नसेलही. पण हात तसाच पुढे करते. त्या दुपारसारखा. दुसऱ्यांदा कसा मागे —
एकोणसाठ. बोटं आखडली नाहीत. जी उरलीत ती.
लारास, बघ. ह्या वेळी आई हात मा