रत्नाचा खांदा आणि माझी देखरेख

५ जानेवारी, रविवार
रत्नाचा खांदा पुन्हा धरला. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसल्यावर दुसरं काय होणार! मी योगासनं सांगितली होती. केली नाय. आता तिला अस्तराचं कापड देणाऱ्या नसरीनभाभी म्हणतात, रोशन गेटला एक आपा फक्त बायकांना हिजामा करतात. म्हणजे पाठीवर कप लावायचे, बारीक चिरा देऊन थोडं रक्त काढायचं. मी म्हणलं, मग डॉक्टर कशाला शिकले? रत्ना म्हणाली, विचारत नाहीये, सांगतेय.
परवानगी दिली.

१२ जानेवारी, रविवार
बजाजनगरहून स्कूटरवर सोडलं. आपांना चार सूचना द्यायच्या होत्या. दारावर पाटी, पुरुषांना प्रवेश नाही. बाहेरच्या बाकावरून देखरेख केली. रत्ना आली ती हसतच. आपांनी सांगितलंय, आज आराम, जड काही उचलायचं नाही. जाहीर केलं, आज स्वयंपाक माझ्याकडं.

सायं. ७
खिचडी करपली. कुकर रत्नाच घासतेय. रिकामा कुकर काय जड नसतो.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून आलो. रत्ना आता दर रविवारी जाते. खांदा लई सुधारला. एवढ्या लांब जाण्यापेक्षा घरीच करू म्हणून कपांचा सेट ऑनलाइन मागवला. चिरा नकोत, नुसती पंपानं हवा ओढून कप चिकटवायचा. रत्नानं पाठ द्यायला साफ नकार दिला. संशोधक आधी स्वतःवरच प्रयोग करतात. डोकं जरा जड होतं. कपाळावर लावला.

२७ जानेवारी, सोमवार
कपाळावर वांग्याच्या कापाएवढा जांभळा गोल. कंपनीत सांगितलं, दाराची कडी लागली. हनुमान हेल्पर म्हणतो, साहेब, एवढी गोल कडी कुठं मिळते? सुपरवायझरशी बोलायची ही पद्धत नाय.

२ फेब्रुवारी, रविवार
बाकावर नसरीनभाभी भेटल्या. म्हणलं, दर आठवड्याच्या हिजाम्यानं रत्नाला चांगलाच गुण आला. त्या म्हणाल्या, भैया, हिजामा तो एकीच बार हुआ. बाकीचे रविवार ती आपांच्या आतल्या खोलीत झोपते. बऱ्याच बायका येतात. चहा पितात, आडव्या होतात. कुणी हाक मारत नाय.
वाटेत रत्नाला विचारलं, घरी झोपायला कुणी अडवलंय? ती म्हणाली, तुम्ही. डोळा लागला की उठवता, झोपलीस का विचारायला.
आरोप बिनबुडाचा. तरी शब्द दिला, पुढच्या रविवारी घरीच झोप. चिटपाखरू फिरकणार नाय.

९ फेब्रुवारी, रविवार, दु. ३
रत्ना गेली नाय. माझ्या शब्दावर विसंबली. फोन बंद केला, बेल काढली, दूधवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. असा नवरा अख्ख्या बजाजनगरात नसंल. आत डोकावलो. डोळे मिटलेले, चेहरा एकदम शांत. भरून आलं. जवळ जाऊन हळूच विचारलं, बघ, लागली ना झोप?

३.०५
मशीनचा आवाज येतोय.