फाटकाची कडी

पंचवटी, नाशिक
१७ एप्रिल २०२५

आदरणीय जमीलचाचा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. ईदच्या शुभेच्छा उशिरा पोचताहेत, त्याला जबाबदार तुम्हीच. फोन केला की गुलजारचाची म्हणतात, "झोपलेत," आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. तेही रजिस्टर, म्हणजे मालेगावचा पोस्टमन सही घेतल्याशिवाय दारातून हलणार नाही. 'घेण्यास नकार' लिहून परत केलंत, तर ते माझ्याच टेबलावर येईल आणि मी ते पुन्हा पाठवीन. माझा हट्ट तुम्हाला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. ऊन मी म्हणतंय. तुमचं टपालवाटपाचं बीट साहेबांनी तात्पुरतं माझ्याकडे दिलं आहे. सगळ्या गल्ल्या फिरते, पण माझ्याकडे कुणी धड बघत नाही, सगळे माझ्या मागे बघतात, तुम्ही येताय का म्हणून. टोपली घेऊन भाजी विकणारी तानुबाई रोज विचारते, "म्हतारा कवा यायचा?" रागावू नका, ती तुमच्याहून मोठी आहे. राममंदिरामागच्या आजींनी काल मला ओट्यावर बसवून लेकीचं अख्खं पत्र वाचून घेतलं. जमील वाचायचा, म्हणाल्या. हेही काम आपल्यात मोडतं, हे शिकवताना तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

टाके निघाले आणि डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली आहेत, हे चाचींकडून कळलं. हात दिवसभर रुमालाखाली झाकून बसता, हेही कळलं. नोकरी सोडायचं म्हणता, तेही. चाचा, रजा संपेपर्यंत तुम्ही आला नाहीत, तर हे बीट कायमचं माझ्या नावावर होईल. ऑफिसात दोघांनी आधीच माझं अभिनंदन केलं. मला ते नको आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. साहेबांना तुम्ही सांगितलंत की रस्त्यावरचं कुत्रं चावलं. मी तेच खरं मानलं होतं. पण परवा दातीरांच्या काळ्या फाटकापाशी किशोरशेठ स्वतःच बोलून गेले, तेही हसत. "आमच्या टायगरला बिस्किटाची चटक जमीलभाईंनीच लावली. रोज देणार आणि मग रोजे आले की खिसा रिकामा. मुकं जनावर, चिडणारच."

म्हणजे रोजा होता म्हणून तुम्ही बिस्किटं बाळगली नव्हती, टायगर खिशाकडे झेपावला आणि तुम्ही हात मध्ये घातलात. आणि कुत्र्याला लाडावल्याची चूक आपली, असं मानून घरी जाऊन बसलात. बिस्किटं तुम्ही दिलीत, कबूल. पण तुमचं बिस्किट फाटक उघडायला गेलं होतं का? ती कडी कुणाच्या हातात असते?

रागाने लिहिते आहे, सांभाळून घ्या. माझं सगळं बरं आहे. पाय जरा दुखतो, उन्हात फार चाललं की होतं तसं.

बोटं हलवा.

तुमच्या सायकलीला रोज हवा भरणारी,
तेजस्विनी


पंचवटी, नाशिक
३० मे २०२५

आदरणीय जमीलचाचा,

मागच्या पत्राची पोचपावती आली. सही गुलजारचाचींची होती. पत्र तुम्ही वाचलंत, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं, आणि वाचून बराच वेळ गच्चीत बसलात असंही. ठीक आहे. आज मी एवढी खुशीत आहे की तुमच्यावर रागावणं जमणार नाही.

आधी एक राहिलेलं सांगते. माझा पाय उन्हाने दुखत नव्हता. टायगर मलाही चावला होता, पोटरीला, पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही हेही स्वतःच्या माथी घेतलं असतं, म्हणून लिहिलं नाही. किशोरशेठ तेव्हा म्हणाले, "पळालीस कशाला? पळालं की तो धावतोच." आणि चाचा, तुम्हाला एवढं सुनावणारी मी, रात्री पाय शेकताना स्वतःला तेच विचारत होते. आपण पळालो कशाला? आईला सांगितलं, सायकलवरून पडले. साहेबांना तर काहीच सांगितलं नाही.

खरे डोळे उघडले ते दवाखान्यात. इंजेक्शनच्या रांगेत माझ्यापुढे आपला सोमा दूधवाला उभा. त्यालाही टायगरच. मी विचारलं, कसं झालं? तर मान खाली घालून म्हणाला, "माझंच चुकलं ताई. घंटी लय जोरात वाजवली. शेठ बोलले ना, घंटीनं बिथरतो तो."

मी रांगेतच हसायला लागले. नर्सबाईंना वाटलं, इंजेक्शनच्या भीतीने.

तिथून थेट तानुबाईकडे गेले. तिने लुगडं वर करून घोट्यावरचा जुना वण दाखवला. "मला म्हने, डोक्यावर टोपली व्हती म्हनून. आता टोपली काय हातात धरू?" तुम्ही बिस्किटामुळे, मी पळाल्यामुळे, सोमा घंटीमुळे, तानुबाई टोपलीमुळे. शेठने प्रत्येकाला त्याची त्याची चूक वाटून दिली होती आणि आपण सगळे ती निमूट घरी घेऊन गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि कुत्रा कुणाचा तेही तक्रारीत स्पष्ट लिहिलं. साहेब तुम्हाला माहीत आहेत, चहा गार होईपर्यंत बोलत नाहीत. मग म्हणाले, "कुत्रा बांधल्याचं लेखी येईपर्यंत त्या घराचं टपाल काउंटरवरून न्यायला सांग." मी तसं सांगून आले. फाटकाच्या बाहेर उभी राहून.

मग काय, चार दिवसांत शेठने मला त्यांच्या फाटकासमोरच्या मारुतीच्या पाराजवळ गाठलं. द्वारका चौकातलं दुकान सोडून खास आले होते. भाजीची वेळ, माणसं भरपूर. म्हणाले, "स्वतः पळालीस आणि आमचं टपाल अडवतेस? नोकरी करायची नाही का?"

चाचा, माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, "शेठ, तुमच्या टायगरला काय काय चालत नाही ते एकदाच सांगा, मी पाटी रंगवून देते. पळू नये. घंटी वाजवू नये. डोक्यावर टोपली नसावी. बिस्किट देऊ नये, आणि खिसा रिकामाही ठेवू नये. अजून काही?"

आधी सोमा हसला. मग सगळा पार हसला. तानुबाई टोपली खाली ठेवून पुढे आली आणि तिने घोटा दाखवला. सोमाने पँट वर केली. इस्त्रीवाल्याने कोपर दाखवलं, त्याचं तर मलाही ठाऊक नव्हतं. शेठचा आवाज चढला. "घरच्यांना कधी काही करत नाही तो. बाहेरच्यांनाच वागायची अक्कल नाही."

तेव्हा मैनावहिनी बोलल्या. किशोरशेठच्या पत्नी. आवाज ऐकून फाटकात येऊन उभ्या होत्या. तुम्ही त्यांना कधी मोठ्याने बोलताना ऐकलंय? मी नव्हतं ऐकलं. त्या आल्या आणि त्यांनी बाही कोपरापर्यंत वर सारली. वण लांबच लांब होता.

"मला म्हणालात, तो जेवताना ताट सरकवलंस म्हणून," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी तेच मानत आले. फाटकाला कडी लावू द्या म्हटलं, तर म्हणालात, मोकळा कुत्रा असला की घराचा दरारा राहतो."

शेठ त्या हाताकडे बघत राहिले. मग वहिनीच घरात गेल्या, टायगरला साखळी घालून मागच्या अंगणात बांधून आल्या, आणि फाटकाची कडी सगळ्यांसमोर लावली. गंजली होती. ओढताना असा आवाज झाला की पारावरच्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला तिथेच नाचावंसं वाटलं.

आता फाटक आपोआप मिटणारं आहे. टपालाची पेटी बाहेरच्या भिंतीवर आहे. टायगरला शिकवायला माणूस येतो आणि फिरायला नेताना तोंडाला जाळी असते. किशोरशेठने ऑफिसात येऊन लिहून दिलं, कुत्रा माझा, जबाबदारी माझी. तुमचं नाव घेऊन त्यात लिहिलंय की जमीलभाईंची काही चूक नव्हती. ते साहेबांसमोर मी मोठ्याने वाचलं, तुम्ही वाचता तसं. मालेगावला येऊन माफी मागतो म्हणत होते. मी म्हटलं, चाचा इथे आले की मागा.

टायगरवर माझा राग नाही. काल पेटीत पत्र टाकलं, तर फिरायला निघालेला तो तोंडाच्या जाळीमागून माझ्या खाकीचा वास घेत शेपटी हलवत होता. मग मान वाकडी करून माझ्या मागे बघायला लागला. त्या गल्लीत सगळ्यांना तीच खोड आहे.

रजा संपत आली आहे. ही पोचपावती चाचींच्या सहीने आली तर मी समजून जाईन, आणि बीट घेईन. पुन्हा त्रास देणार नाही.

तुमच्या जागेवर, पण तुमच्याच जागेवर उभी,
तेजस्विनी


मालेगाव
९ जून २०२५

तेजू बेटा,

दुआ. पोचपावती तुला मिळाली असेल. सही नीट बघ, माझी आहे. पोस्टमन बिचारा उन्हात बराच वेळ उभा राहिला, पण मी गुलजारला पेनाला हात लावू दिला नाही.

हे कार्डपण मीच लिहितोय. अक्षर वाकडं आहे. तू सुरुवातीला पत्ते लिहायचीस तेवढं वाकडं नाही.

पायाचं लपवलंस, त्याबद्दल आल्यावर बोलणार आहे. बाकी बेटा, गच्चीत बसून तुझं ते पाटीचं गुलजारला वाचून दाखवलं. ती हसली आणि मग रडली. मीपण. इतके दिवस मला वाटत होतं, त्या कुत्र्याला मीच बिघडवलं.

मैनाभाभींना माझा सलाम सांग. किशोरशेठला सांग, माफी कशाला, कडीला तेल घाला.

येत्या सोमवारी पहिल्या एस.टी.ने निघतो. साहेबांना सांग. सायकल तयार ठेव. काळ्या फाटकाबाहेर मी हाक मारणार, तू बाजूला उभी राहून ऐक.

जमील
पोस्टमन, पंचवटी