पाच काळी बटणं

रविवार, दुपार

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नका म्हटलं की मुद्दाम चढता, ठाऊक आहे मला.

शाळेत सध्या माझ्या तासाला नुसता कल्ला असतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून उरलीसुरली बटणं आणलीत. पांढरं बटण म्हणजे अधिक एक, काळं म्हणजे उणे एक. एक पांढरं नि एक काळं भेटलं की दोघांचं मिळून शून्य. परवा मोठ्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "हा गणिताचा तास की शिवणाचा?" म्हटलं, "या ना, तुम्हीही शिवा." बसल्या की हो! घंटा झाली तरी उठेनात.

तुम्ही म्हणाल, हे बालवाडीचे लाड कशाला, नियम पाठ करून घे. तुमच्या शिकवणीतली मुलं नियमांवरच इंजिनिअर झाली, मान्य. मीही त्यावरच मास्तरीण झाले.

पण खरं म्हणजे मला ठमीबद्दल लिहायचंय. सुट्टीत तुमच्याकडे राहून आल्यापासून तुमची नात गणिताचं पुस्तक उघडेना. पोट दुखतं, डोकं दुखतं, हज्जार सबबी. काल स्वयंपाकघरात माझी बटणं निवडत बसली होती, तेव्हा सहज म्हटलं, "उणे तीनातून दोन काढ बघू." तिनं तीन काळी मांडली नि अडली. "आई, काढायला पांढरं एकही नाहीये."

मी भांडी पुसत राहिले. उत्तर सांगायला जीभ नुसती वळवळत होती.

जरा वेळानं म्हणाली, "जोडीचं शून्यच ना? मग जोड्या ठेवल्या तर काय बिघडतं?" दोन जोड्या ठेवल्या, त्यांतली दोन्ही पांढरी उचलली. उरली पाच काळी. "अय्या, उणे पाच! मग आजोबांकडे मी अधिक पाच का लिहिलं?"

का, ते मी सांगते. तुमचं 'वजा वजा अधिक' तिनं इमानदारीनं लावलं, जिथे लागत नाही तिथे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं हेच करतात. आणि तुम्ही शिकवणीच्या सगळ्या मुलांसमोर म्हणालात, "मास्तरांची नात, नि डोक्यात दगड!" हे तिनं मला काल सांगितलं, ती काळी बटणं मुठीत आवळून. इतके दिवस पोटात ठेवलं होतं पोरीनं. बाबा, मला फार राग आला. अजून आहे.

पुढच्या सुट्टीत तिला कधी पाठवतेस, असं तुम्ही विचारलंत. पाठवीन. तिलाही तुमच्याशिवाय करमत नाही. पण आधी तुम्ही तिला फोन करायचा नि 'ठमे, माझं चुकलं' म्हणायचं. 'अगं, गंमत केली' वगैरे चालणार नाही. आणि फोन शिकवणी चालू असताना करा. त्या सगळ्या मुलांना ऐकू गेलं पाहिजे.

रागावलात तर खुशाल रागवा. चुकलेलं उत्तर फळ्यावर तसंच ठेवून तुम्ही कधी घरी गेला नाहीत.

तुमची लाडकी लेक,
पण आधी ठमीची आई