पायाळू चौकीदाराची पाठ

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
कालवा देखभाल उपविभाग, आंबेगाव.

विषय: दि. २० रोजीची सुनावणी पुढे ढकलण्याबाबत.
संदर्भ: उद्धटपणा व आजाराचे सोंग याबद्दलची कारणे दाखवा नोटीस, दि. २९/११/२००४.

महोदय,

मी खाली सही करणार, कालवा चौकीदार, नोकरी एकोणीस वर्षे, सविनय पण स्पष्ट लिहितो की,

१. मी पायाळू आहे, जन्मताना माझे पाय आधी आले. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. लोणीतल्या निम्म्या पाठींना माझा पाय लागलेला आहे. गेल्या मार्गशीर्षात शाखाधिकारी साहेबांना उसण भरली व मला बंगल्यावर बोलावणे आले. तोवर माझ्याच पाठीचे लाकूड झालेले, एका पायावर उभे राहता येईना. तसे हात जोडून सांगितले. 'लई माज आला का रे तुला?' असे साहेब पालथे पडूनच म्हणाले. नोटिशीतला उद्धटपणा तो हाच.

२. हाक मारल्यावर मी सगळे अंग वळवून 'रोखून बघतो' असेही लिहिले आहे. साहेब, माझी मान एकटी वळत नाही. तिला नोटीस काढून बघावी.

३. मीही अकरा वर्षे उसणच समजत होतो. अवसरीच्या गोजरबाईचा पाय तीनदा लावून घेतला, बिब्बा घातला, विटेने शेकले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले, हा कण्याचा संधिवात. अंगाची राखण करणारी शक्तीच उलटते, मणके सुजतात आणि हळूहळू एकमेकांना चिकटतात. ऐन विशी-पंचविशीत सुरू होतो. उसण विसाव्याने जाते, हा विसाव्याने वाढतो आणि चालल्याने हलका होतो. किती जणांना असतो, विचारले. हजारात एखाद-दोघांना तरी, म्हणाले. म्हणजे आपल्या तालुक्यात दोनेकशे माणसे हवीत. ती कुठे आहेत? उसण, वात नाहीतर आळशी अशा नावांनी घरोघर पडून आहेत. त्यातल्या कितीकांच्या पाठीत मीच लाथ घातली असेल, याची मला लाज वाटते.

४. दाखला वाचून शाखाधिकारी साहेबांना दया आली. कालव्यावरची रोजची चाल काढून त्यांनी मला गोदामात स्टुलावर बसवले. आठ तास बसल्यावर संध्याकाळी मला दोघे जण उठवतात. यावर त्यांचा शेरा असा, की चालताना दुखत नाही तर बसल्यावर दुखेल कसे, सबब सोंग.

५. आता खरे कारण. माझी मुलगी वृषाली, वय एकोणीस. चार महिने झाले, पहाटे भिंत धरून उठते आणि दहा वाजता ठणठणीत होते. घरात तिला आळशी म्हणतात. परवा माझ्या आईने, ठकूबाईने, तिला माझ्यापुढे पालथे निजवले आणि पाय लाव म्हणाली. मी लावला नाही. मला भीती वाटली, साहेब. डॉक्टरांनी तिला पुण्यास २० तारखेलाच बोलावले आहे. ती तारीख चुकली तर पुढची तीन महिन्यांनी.

तरी सुनावणी पुढे न्यावी. ते जमत नसेल तर मी येणार नाही. निकाल एकतर्फी लावावा, नोकरीवरून कमी करावे, माझी हरकत नाही. माझे मणके चिकटायचे ते चिकटले. तिचे अजून सुटे आहेत.

आपला नम्र, परंतु त्या दिवशी गैरहजर,
सावळेराम चिमाजी वाळुंज
रा. लोणी, ता. आंबेगाव
दि. ११/१२/२००४

सोबत: १. डॉक्टरांचा दाखला.
२. पाठीचा एक्स-रे (पाहून लगेच परत मिळावा, डॉक्टरांनी मुलीबरोबर आणायला सांगितला आहे).