भारी जमीन

महाळुंगे पडवळ, १९ मे २००४, रात्र

रेल्वेच्या मोजणीला आलेला इंजिनीअर निव्वळ मठ्ठ आहे. खड्डा खणून बघायचा सोडून शेतकऱ्यालाच विचारतो, जमीन कशी आहे? मराठीचा गंध नाही, म्हणून मध्ये मी दुभाषी. शेतकरी म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळू. तो ऐटीत म्हणाला, "लई भारी!" इंजिनीअरनं लगेच वहीत लिहिलं: इथे खांब नकोत, जाळी नको, थेट भराव. मऊ जमिनीत आधी खांब ठोकतात, वर जाळी अंथरतात, हे त्यानंच सांगितलं होतं. आणि हा वीस फुटी भराव बाळूच्या घराला लागून!

मघाशी जेवताना म्हटलं, बाळू, जमीन मजबूत आहे हे बरं. तो हसतच सुटला. "आक्का, भारी म्हंजे काळी, खोल. पावसाळ्यात बैल गुडघ्यापातूर रुतत्यात. कॉन्व्हेंटात ह्ये न्हाई शिकवलं व्हय?"

भारी. मग मठ्ठ कोण? इंग्रजीत "मजबूत" असं मीच सांगितलं. मी, जिनं जन्मभर मुलींच्या भाषांतरांवर लाल शाई ओतली.

इंजिनीअरची जीप सकाळी सातला पुण्याला सुटते. सहालाच जाऊन तिच्यापुढे उभी राहीन. चूक कुणाची, तेही सांगावं लागेल. मेलं, तेही इंग्रजीतच.