खाज कुणी आणली

८ डिसें., सोम.
ओम्या रात्रभर खाजवतो. दिवसा विसरतो, पांघरुणात शिरला की सुरू. बोटांच्या बेचक्यात, बेंबीभोवती बारीक पुरळ. सूनबाई म्हणाली, "मामा, थंडीनं अंग फुटलं असंल." मला नाही पटत. मुलगा कामाला बाहेरगावी, घरात आम्ही तिघंच. नातू माझ्याच वाकळेत झोपतो, त्यामुळे माझीही झोप गेली. मला कमरेला थोडं खाजतं, पण ते नव्या स्वेटरमुळे. पोर कुठून तरी घेऊन आलंय. कुठून, ते काढतोच.

११ डिसें., गुरु.
पेपरचं निमित्त करून अंगणवाडीच्या दारात उन्हाला बसलो. सतरंजीवर ओम्याला चिकटून दुर्गी, कौसाबाईची नात. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, पोर आजीजवळ. म्हातारीला दिसतं कमी, आंघोळ काय घालत असेल देव जाणे. बघतो तर दुर्गी मनगट खाजवतेय. सापडली! जन्मभर यष्टीत कंडक्टरकी केली. बिगरतिकिटाचा माणूस मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतो.

१२ डिसें.
अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं. म्हणाल्या, "आबा, लेकरांना होतं असं. दवाखान्यात दाखवू." मी आवाज चढवला. दोन-चार आया माझ्या बाजूने झाल्या. शेवटी दुर्गीला भिंतीकडे वेगळं पोतं टाकून बसवलं. बरोबरच झालं. पोरगी सारखी वळून ओम्याकडे बघत होती, ते मात्र बघवेना. उठून आलो.

१४ डिसें., रवि.
पाटोद्याहून ट्यूब आणली. मेडिकलवाला: "काका, कुठल्याबी खाजंवर चालतीय. डोळे झाकून लावा." लावली. ओम्या गाढ झोपला. डॉक्टर हवेत कशाला.

१९ डिसें., शुक्र.
ट्यूब फसवी निघाली. पुरळ बगलेत, ढुंगणावर गेलं. एका ठिकाणी पू, वर पिवळी खपली. सूनबाईने मला न विचारता पाटोद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. मीही गेलो. काय काय गळ्यात मारतात, बघायला नको?
बाई म्हणाल्या, खरूज. मेडिकलची ट्यूब आधी बंद. तिने खाज दबते, रोग आतल्या आत पसरतो. पू झालाय त्यासाठी पोटातलं औषध. आणि मलम घरातल्या सगळ्यांनी लावायचं, खाज असो-नसो. एकाच रात्री. मानेपासून तळव्यापर्यंत, बेचक्यात, नखांखाली. सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा. कपडे-पांघरुणं गरम पाण्यातून काढून कडक उन्हात.
"घरात अजून कुणाला खाजतं?"
सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, कुणाला नाही. एकाला खाज आणि मलम सगळ्या घराला! सरळ सरळ दुकानदारी.

२० डिसें.
सूनबाईने स्वतःला आणि ओम्याला चोपडलं. माझी ट्यूब हातात दिली. "मामा, लावा बरं, इसरू नका." लावली म्हणून सांगितलं. ट्यूब कोटाच्या खिशात.
वाकळही धुवायला दिली नाही. हिने शेवटच्या आजारपणाआधी शिवलेली, स्वतःच्या लुगड्यांची. गरम पाण्यात घातली तर काय उरेल? सूनबाईला वाटतं म्हातारा हट्टी आहे. वाटू दे.

२८ डिसें., रवि.
त्या दोघांचं दुसऱ्यांदा मलम झालं. ओम्याला उतार आहे. दुर्गीलाही ताईंनी सरकारी दवाखान्यातून औषध मिळवून दिलं म्हणे. तरी पोतं वेगळंच. आया ऐकत नाहीत.
कौसाबाई पारापाशी आडवी आली. "कंडक्टर, माजी पोर रोज गरम पान्यानं न्हाती. तुमच्या ओमचं आदी उठलं, मंग तिचं. इचारा तुमच्या सुनंला."
चोर कधी कबूल करतो का, म्हणालो. सुनेला काही विचारलं नाही.

५ जाने., सोम.
ओम्याच्या अंगावर पुन्हा पुरळ. नवं! दुर्गी तर लांब बसते. मग कोण? न्हाव्याचा टॉवेल? शेजारचं कुत्रं? उद्या न्हाव्याला धरतो.
जेवताना सूनबाई: "मामा, तुमी कावून सारकं मनगट खाजवताय?"
घड्याळाचा पट्टा लागतो, म्हणालो.
"घड्याळ तर खुंटीला हाय."
भाकरी तशीच ठेवून उठलो.

८ जाने., गुरु.
डॉक्टरीणबाईंनी ओम्याला तपासलं आणि विचारलं, हा झोपतो कुणाजवळ? मग म्हणाल्या, "आबा, हात बघू." भिंग लावून बेचकं बघितलं, मनगट बघितलं. "दिवाळीनंतर कुठं बाहेर मुक्काम?"
नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, कपिलधार. यात्रेत मंडपात झोपलो होतो, ढिगातलं मिळेल ते ब्लँकेट ओढून. शेजारचा माणूस सारखा खाजवत होता. मी त्याच्यावर खेकसलो होतो, झोपू दे बे म्हणून.
"मागच्या खेपेचं मलम लावलं होतं ना?"
हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला. सूनबाईने बघितलं.
परतीच्या गाडीत कंडक्टर तिकिटं देत फिरत होता. त्याच्याकडे बघवेना. इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं बघितली. बिगरतिकिटाचा मीच.

९ जाने.
काल तिघांनी मलम लावलं. आज सगळं गरम पाण्यात, वाकळसुद्धा. हिचं हिरवं लुगडं टाक्यांतून सुटलं, चिंध्या झाल्या. दोरीवर टाकताना रडू आलं. सूनबाईने हातातून घेतली. म्हणाली, "मी शिवून देते." ओम्या आता तिच्याजवळ झोपतो. अंथरूण मोकळं मोकळं.

१२ जाने., सोम.
अंगणवाडीत सांगायला निघालो. दारात त्याच आया बसलेल्या. पेपर काखेत धरून तसाच पुढे गेलो.

१७ जाने., शनि.
काल दुसऱ्यांदा मलम. आज ओम्याचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या. आळीतली पोरं तुटून पडली. दुर्गी उंबऱ्याच्या बाहेर, दोन्ही हात पाठीमागे. पायाशी एक बोर घरंगळत गेलं, तरी वाकली नाही.
"ये की आत, घे," मी म्हणालो.
"आजी म्हनली, कुनाला शिवायचं न्हाई."
ओम्या हाका मारत होता. मी मूठ-मूठ बोरं आणून तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घातली. माझे हात जवळ गेले तशी ती मागे सरकली. त्या दिवशी वळून वळून बघणारी हीच पोर. मला भितीय.
संध्याकाळी कौसाबाई आली. दुर्गीला दिलेली बोरं पदरातून काढून ओट्यावर ठेवली. मी म्हणालो, "कौसाबाई, खाज माझी होती. मीच आणली."
"मला काय सांगताय? मला ठावंच होतं. पोतं टाकायला लावलं तवा सगळ्यांम्होरं बोलला ना? आता बी सगळ्यांम्होरं बोला."
गेली. सोमवारी अंगणवाडी उघडेल, दारात आया असतील. बोरं अजून ओट्यावरच आहेत, सूनबाईला उचलू दिली नाहीत.