दोन टीबीची डबी

३ ऑगस्ट, सोमवार

लॅपटॉप टकटक करतोय. दुरुस्तीवाल्याने डॉक्टरसारखा कान लावून ऐकला आणि म्हणाला, "बाई, आतली डिस्क चालली. आठवडा म्हणा, महिना म्हणा. आहे ते दुसरीकडे उतरवून घ्या." नुसतं ऐकायचे दोनशे घेतले!

आत काय आहे ते त्याला काय माहीत. आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मुलांनी स्वतः काढलेल्या खुणा — बारा वर्षांचे व्हिडिओ. पुस्तकातल्या खुणा नव्हेत, त्यांच्या त्यांच्या. 'कंटाळा' म्हणजे हनुवटी तळहातावर टेकवायची आणि दुसऱ्या हाताने घड्याळाचा काटा पुढे ढकलायचा. ही ज्या मुलीने काढली ती आता कुठे असते, कोणालाच ठाऊक नाही. परत कोणाकडून करून घेऊ?

५, बुधवार

मुख्याध्यापिकाबाईंकडे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क मागितली. निधी नाही, पण माझ्या कार्याचं कौतुक आहे म्हणाल्या. कौतुकात किती जीबी मावतात ते विचारायला हवं होतं.

म्हणजे पदरचे तीन हजार. तेवढ्यात दोन टीबी बसवायचीच!

घरी स्वारीने न मागता सल्ला दिला. त्यांच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क म्हणे ठणठणीत आहे, पाचशे जीबीची. एक केसिंग आणायचं — म्हणजे डिस्क ठेवायची डबी — त्यात ती घालायची की झालं. माझं सगळं मिळून तीनशे जीबीच्या वर जात नाही म्हणे. या माणसाला सगळं जुनंच पुरतं. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गळके नळ मोजल्यावर दुसरं काय होणार! पुढचा विचार म्हणून काही असतो की नाही?

(ही फाईल 'जुनी वीजबिलं' नावाने ठेवलीय. बिल म्हटलं की स्वारी गॅलरीत जाते. इथे मी मोकळी.)

८, शनिवार

अठ्ठेचाळीस डिस्कांचे अभिप्राय वाचले. एकाने पाच तारे देऊन लिहिलंय — 'अजून उघडली नाही.' तक्ता केला: किंमत, वेग, वॉरंटी, वायरीची लांबी.

टकटक वाढलीय. "झालं का उतरवून?" असं स्वारीने तीनदा विचारलं. निवड चाललीय म्हटलं. भाजी आणायला गेले की पहिल्याच गाड्यावरून किडकी घेऊन येतात, त्यांना निवड काय कळणार.

१०, सोमवार

सापडली! दोन टीबी, सातशे पन्नासला! मागवली. स्वारी म्हणते, एवढी स्वस्त कशी, नीट वाच. जळतात!

१३, गुरुवार

पार्सल हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. उघडलं तर आत काही नाही. म्हणजे खरोखरच काही नाही — रिकामी डबी! खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत: 'दोन टीबीपर्यंतच्या डिस्कसाठी.'

केसिंग. तेच! आणि मी मुलांना रोज शिकवते, शेवटपर्यंत बघा, मग उत्तर द्या.

परत घेत नाहीत. स्वारीला काय तोंड दाखवू? रंग आवडला नाही, परत पाठवली, असं सांगितलं. डबी शिवणयंत्राच्या पोटात कोंबली आणि झाकण लावलं. सहा वर्षांत ते यंत्र कोणी उघडलेलं नाही. मी मेल्यावरच सापडेल.

१६, रविवार

दिवसभर पालकसभा. पाच वाजता घरी येते तर स्वारी माझ्याच टेबलावर डोकं टेकून घोरतेय आणि शेजारी लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. तो मरायला टेकलाय आणि हे त्याच्यावर पत्ते खेळत बसले! कुंभकर्ण! तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा टाकला.

१९, बुधवार (वहीत)

गेला. सकाळी एक लांब टक्, मग काहीच नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, मोठ्या ठिकाणी पाठवा, चाळीस हजार लागतील, खात्री नाही. मी त्याच्या दुकानात रडले, गिऱ्हाइकांसमोर. बारा वर्षं. सोळा दिवस हातात होते आणि मी वायरीची लांबी बघत बसले.

अठ्ठेचाळीस डिस्कांचा तक्ता शाबूत आहे. छापून ठेवला होता ना!

२०, गुरुवार

सकाळी चहाच्या कपाशेजारी माझी डबी. आत त्यांची जुनी डिस्क. शाळेच्या संगणकाला लावली. सगळं आहे. ती मुलगी काटा पुढे ढकलतेय.

घरी येऊन विचारलं, कधी केलंत? "रविवारी. सगळं घेतलंय," म्हणाले. "वीजबिलंसुद्धा."

डबी शिवणयंत्राच्या पोटात आहे, हे मी फक्त वीजबिलांत लिहिलं होतं.